वैद्यांचा नाथ आणि आर्त भक्त

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

बीड जिल्ह्यातील परळी येथील श्री वैद्यनाथाचे स्थान महाराष्ट्रात बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पूज्य मानले जाते. वर्षाचे बाराही महिने येथे भाविकांची रीघ लागलेली असते. कोणी पुत्रप्राप्तीचा आनंद सांगावयास येतो, कोणी नव्या उद्योगासाठी आशीर्वाद मागावयास येतो. तथापि या सर्वांमध्ये एक भाविक असा असतो की, त्याच्या हातात बेलाची पाने असतात आणि खिशात वैद्यकीय तपासणीचा अहवाल असतो. स्वतःच्या अथवा घरातील माणसाच्या दुर्धर आजाराने तो व्याकुळ झालेला असतो. देवाच्या दारी नेमके काय मागावे, आणि मागितलेले न मिळाल्यास श्रद्धेचे काय करावे, हा प्रश्न त्याच्या मनात असतो. अशा भाविकांसाठी प्रस्तुत विवेचन आहे.

स्थानाचे नाव आणि त्याचा अर्थ

वैद्यनाथ म्हणजे वैद्यांचा नाथ. ऋग्वेदात रुद्राचे वर्णन वैद्यांमधील श्रेष्ठ वैद्य असे आलेले आहे. ज्या देवतेचे उग्र रूप पाहून भय वाटावे, त्याच देवतेच्या हाती औषधी आहेत, अशी ऋषींची धारणा होती. परळीची स्थानकथाही हेच सांगते. समुद्रमंथनातून धन्वंतरी आणि अमृत अशी दोन रत्ने निघाली. दैत्यांच्या हाती ती पडू नयेत म्हणून देवांनी ती शिवलिंगात लपविली. दैत्य लिंगास स्पर्श करू जाताच त्यातून ज्वाळा निघाल्या; शिवभक्तांनी स्पर्श केला तेव्हा मात्र अमृताची धारा वाहिली. अमृत आणि धन्वंतरी या दोहोंचे वास्तव्य असल्याने या लिंगास अमृतेश्वर असेही म्हटले जाते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी १८ व्या शतकात या मंदिराचा जीर्णोद्धार केला. येथे भाविकांना लिंगाचे स्पर्शदर्शन घेता येते, हे या स्थानाचे वैशिष्ट्य होय.

झारखंडमधील देवघर येथील ज्योतिर्लिंगही वैद्यनाथ याच नावाने पूजिले जाते. ज्योतिर्लिंगाचे मूळ स्थान कोणते, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. परमेश्वराला वैद्य म्हणून हाक मारण्याची गरज भारतवर्षाच्या एकाहून अधिक प्रांतांतील जनांस वाटली, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

या स्थानकथेतील एक गोष्ट मात्र बारकाईने लक्षात घेण्याजोगी आहे. देवांनी लिंगात केवळ अमृत ठेवले नाही. त्यासोबत धन्वंतरीही ठेवला. धन्वंतरी हा आयुर्वेदाचा प्रवर्तक, म्हणजेच वैद्यकशास्त्राची देवता. कृपा आणि चिकित्सा ही दोन्ही एकाच गर्भगृहात, एकाच लिंगात नांदत आहेत. जो भाविक श्री वैद्यनाथाला शरण जातो, त्याने वैद्याकडे पाठ फिरविणे हे या कथेच्या मर्मालाच सोडून होईल.

आर्त भक्ताचा मान

दुखणे आले म्हणून देवाची आठवण झाली, या विचाराने अनेक भाविक मनातून ओशाळलेले असतात. सुखात असताना कधी देवळाची पायरी चढलो नाही, आता कोणत्या तोंडाने मागावे, असे त्यांना वाटते. श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात या संकोचाचे निवारण केलेले आहे. भगवंतांनी तेथे आपल्याला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. या चौघांत ज्ञानी श्रेष्ठ असल्याचे सांगूनही भगवंतांनी चौघांनाही उदार म्हटले आहे. म्हणजे पीडेने कळवळून आलेला भक्त हा भक्तच आहे. त्याची हाक कमी प्रतीची नाही. रुग्णालयाच्या ओसरीत बसून मुलासाठी नवस बोलणारी आई ही गीतेच्या दृष्टीने सत्कृत्य करणाऱ्यांच्या मालिकेत बसलेली आहे.

मात्र आर्ताची हाक ही भक्तीचा आरंभ असते. पुढे त्या हाकेत हळूहळू बदल घडतो. प्रथम रुग्ण म्हणतो, हे दुखणे काढून घे. काही दिवसांनी तो म्हणतो, हे सोसण्याचे बळ दे. आणि पुढे कधीतरी तो एवढेच म्हणतो, तू जवळ राहा. या तीन प्रार्थनांपैकी पहिली चुकीची नव्हे. ती मानवी स्वभावाला धरूनच आहे. परंतु गंभीर आजारात अध्यात्माचे खरे कार्य दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रार्थनेपाशी सुरू होते.

चरकसंहितेची साक्ष

अध्यात्म आणि औषधोपचार यांचा मेळ कसा घालावा, याचे उत्तर आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथातच मिळते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ११ व्या अध्यायात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिली दैवव्यपाश्रय चिकित्सा. तीत मंत्र, होम, नियम, उपवास, देवतांना वंदन आणि तीर्थगमन यांचा समावेश होतो. दुसरी युक्तिव्यपाश्रय चिकित्सा. तीत आहार आणि औषधे यांची विचारपूर्वक योजना येते. तिसरी सत्त्वावजय चिकित्सा. अहितकारक विषयांपासून मनाला आवरणे, हे तिचे स्वरूप. आज येथे येणारा यात्रेकरू जी वाट चालून आला, ती वाट वैद्यकाच्या ग्रंथातच उपचारांच्या यादीत लिहिलेली आहे. पण त्याच यादीत, तिच्या शेजारीच, औषधांची योजनाही लिहिलेली आहे. एक केले म्हणून दुसरे सोडावे, असे आचार्यांनी कोठेही सुचविलेले नाही.

याच ग्रंथात चिकित्सेचे चार पाद, म्हणजे चार आधार, सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण वर्णिलेले आहेत. रुग्णाच्या अंगी असावयाचे गुण असे : स्मरणशक्ती, वैद्याच्या सूचनांचे पालन, निर्भयता आणि आपल्या व्याधीची लक्षणे नीट सांगता येणे. परिचारकाचे गुण असे : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता.

या यादीकडे पाहिले असता भक्तीचे स्थान कोठे आहे ते उमगते. वैद्याचे ज्ञान प्रार्थनेने वाढत नाही. औषधाचे गुण प्रार्थनेने बदलत नाहीत. परंतु रुग्णाची निर्भयता आणि परिचारकाचे प्रेम, हे दोन गुण कोणत्याही औषधालयात विकत मिळत नाहीत. चार पादांपैकी दोन पाद भक्तीने दृढ होतात. उरलेल्या दोहोंसाठी वैद्याकडे आणि औषधाकडेच गेले पाहिजे. चौरंगाचे चारही पाय सारखे भक्कम असतील तरच त्यावर ठेवलेला कलश स्थिर राहतो.

भय हे रुग्णाचे किती नुकसान करते, हे वेगळे सांगावयास नको. भयापायी माणूस गाठ लपवितो, तपासणी पुढे ढकलतो, अर्धा उपचार टाकून पळतो, एका वैद्याकडून दुसऱ्याकडे आणि तेथून एखाद्या भोंदूकडे धावतो. याउलट, ज्याच्या मनाला आधार सापडलेला आहे तो अहवाल उघडून पाहतो, प्रश्न विचारतो, सांगितलेली गोळी सांगितलेल्या वेळी घेतो. देवापुढे दिवा लावून शस्त्रक्रियेला सामोरा जाणारा रुग्ण विज्ञानाचा अव्हेर करीत नसतो. तो चरकाचार्यांनी सांगितलेली निर्भयता घेऊन निघालेला असतो.

नामस्मरणाचा शरीरावर होणारा परिणाम आधुनिक संशोधकांनीही तपासलेला आहे. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना अथवा योगपरंपरेतील मंत्र यांचा लयबद्ध उच्चार केला असता श्वासोच्छ्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ इतकी संथ होते आणि हृदय व रक्तदाब यांचे नियमन करणारी यंत्रणा अधिक चांगले प्रतिसाद देते, असे त्यात आढळले. आजीच्या हातातील जपमाळ श्वासाला जी लय लावते, तिचाच हा प्रत्यय होय.

मात्र प्रार्थना ही औषधाची मात्रा नव्हे, हेही तितकेच खरे. अमेरिकेतील ६ रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काहींसाठी अनोळखी भक्तमंडळी दुरून प्रार्थना करीत होती, काहींसाठी नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण अशा प्रार्थनेने कमी झाल्याचे दिसले नाही. भाविकांनी यामुळे खिन्न होण्याचे कारण नाही. परमेश्वराची कृपा मोजपट्टीने मोजण्याजोगी वस्तू नाही, आणि प्रार्थना हे देवाकडून काम करवून घेण्याचे यंत्र नाही. प्रार्थनेचे पहिले फळ प्रार्थना करणाऱ्याच्या अंतःकरणात उमटते. तेथे ते उमटले, तर पुढे रुग्णाच्या उशाशी बसलेल्या हातांतही ते उतरते.

रोग ही शिक्षा नव्हे

दुखणेकऱ्याला देहाच्या वेदनेहून अधिक छळणारी एक वेदना असते. माझेच काय चुकले, कोणते पाप भोवले, देवाने मलाच का निवडले, असे प्रश्न ती रात्री जागविते. समाचाराला येणारी माणसेही कधी अजाणता त्यात भर घालतात. कुलदैवताचे काही राहून गेले असेल, नवस फेडावयाचा राहिला असेल, पूर्वजन्मीचे भोग असतील, अशी वाक्ये सहजच बोलली जातात आणि रुग्णाच्या काळजात रुतून बसतात.

कर्मसिद्धांत सांगितला गेला तो माणसाने स्वतःच्या आचरणाविषयी सावध राहावे म्हणून. दुसऱ्याच्या अंथरुणाशेजारी उभे राहून त्याच्या पापाचा हिशेब मांडण्यासाठी तो नाही. कर्माची गती गहन आहे, असे गीतेनेच बजावलेले असताना अमक्याला अमुक पापामुळे अमुक रोग झाला, असे सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? निष्पाप बालकांनाही रक्ताचा कर्करोग होतो. साधुपुरुषांनाही व्याधी होतात. देह आहे तोवर त्याला झीज आहे, आणि त्या झिजेची कारणे शोधणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे.

रोग ही ईश्वराची शिक्षा आहे, या समजुतीचे दुष्परिणाम किती खोल जातात, याविषयी अमेरिकेत ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ५९६ रुग्णांची दोन वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. देवाने आपल्याला टाकले, देवाचे आपल्यावर प्रेम उरले नाही, अशा भावनांशी झगडणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. श्रद्धा तारते हे जितके सत्य, तितकेच भयाने काळवंडलेली श्रद्धा पोखरते हेही सत्य. म्हणून आजारी माणसाशी देवाविषयी बोलताना जिभेवर फार मोठी जबाबदारी असते. ज्या देवाने जगाच्या रक्षणासाठी हलाहल स्वतःच्या कंठात धारण केले, तो कोणा रुग्णाच्या शरीरात सूडबुद्धीने विष कालवीत असेल, ही कल्पनाच शिवस्वरूपाशी विसंगत आहे.

नवसाविषयीही असेच म्हणता येईल. संकटात बोललेला नवस हा प्रेमाचा उद्गार असतो; तो सावकाराचा कागद नव्हे. फेडावयास उशीर झाला म्हणून श्री वैद्यनाथ कोणाच्या घरी दुखणे धाडीत नाही. नवस बोलूनही माणूस गेला, तर नवसात अथवा भक्तीत काही उणे राहिले असेल, असा सल आयुष्यभर वाहण्याचे कारण नाही.

मृत्युंजय मंत्राची मागणी

गंभीर आजारात घरोघरी महामृत्युंजय मंत्राचा जप केला जातो. हा मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ५९ व्या सूक्तात आलेला आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की, हा मंत्र मृत्यू टाळण्यासाठी आहे. मंत्रातील उपमा पाहिली असता त्याची मागणी अधिक सूक्ष्म असल्याचे दिसते. पक्व झालेले काकडीसारखे वेलीवरील फळ ज्याप्रमाणे आपल्या देठापासून सुटते, त्याप्रमाणे मृत्यूच्या बंधनातून सुटका व्हावी, अमृतत्वापासून मात्र सुटका होऊ नये, अशी ती प्रार्थना आहे.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या भाविकाला ही उपमा सहज समजेल. कच्चे फळ ओढून तोडले तर वेलही दुखावते आणि फळही. पिकलेले फळ हात लावताच, कधी हात न लावताही, अलगद सुटते. या मंत्रात प्रथम पुष्टीची कामना आहे, म्हणजे फळ अकाली तुटू नये, त्याला पोषण मिळावे, त्याची पूर्ण वाढ व्हावी. औषधोपचार, पथ्य, शस्त्रक्रिया ही या पुष्टीचीच साधने होत. आणि त्यानंतर, वेळ येईल तेव्हा, भयाने वेलीला चिकटून न राहता सुटता यावे, अशी कामना आहे. एकाच मंत्रात जगण्याची ओढ आणि निघून जाण्याची तयारी अशा दोन्ही गोष्टी आहेत. जो हा मंत्र समजून जपतो, त्याला बरे झाल्यास कृतज्ञता लाभते. आणि बरे न झाल्यासही त्याचा जप वाया जात नाही.

संतसत्पुरुषांचे देहभोग

श्रद्धावानाला दुखणे येत नाही, असे कोणी म्हणेल तर सत्पुरुषांची चरित्रे त्याला उत्तर देतील. श्रीरामकृष्ण परमहंस यांना १८८५ मध्ये घशाचा विकार जडला. तो कर्करोग असल्याचे निदान झाले. शिष्यांनी त्यांना उपचारांसाठी प्रथम कोलकात्यातील श्यामपुकुर येथे आणि डिसेंबर १८८५ मध्ये काशीपूरच्या उद्यानगृहात नेले. डॉ. महेंद्रलाल सरकार हे त्यांच्यावर उपचार करीत. डॉ. सरकार विज्ञाननिष्ठ होते. अवतारकल्पना त्यांना मान्य नव्हती. तरीही वैद्य आणि रुग्ण यांच्यात तासन् तास संवाद चाले. श्रीरामकृष्णांनी औषध नाकारले नाही, आणि वैद्याच्या मतांमुळे त्यांच्याविषयीचा स्नेहही कमी केला नाही.

शिष्यांनी त्यांना विनविले की, जगन्मातेजवळ आपल्या प्रकृतीसाठी मागणे मागावे. ईश्वराला वाहिलेले मन या हाडामांसाच्या पिंजऱ्याकडे परत कसे आणावे, असा त्यांचा भाव होता. नरेंद्राने फारच आग्रह धरला तेव्हा त्यांनी मातेजवळ घशातून अन्न उतरत नसल्याचे सांगितले. एवढ्या साऱ्या मुखांनी तू जेवत आहेसच ना, अशा अर्थाचे उत्तर मातेने दिले, आणि आपण लज्जित झालो, असे त्यांनी शिष्यांना सांगितले. १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांनी देह ठेवला. व्याधी बरी झाली नाही. तथापि काशीपूरच्या त्या आठ महिन्यांत श्रीशारदादेवी पथ्याचे अन्न रांधीत होत्या आणि तरुण शिष्य पाळीपाळीने रात्रंदिवस शुश्रूषा करीत होते. त्या शुश्रूषेतून ते तरुण एकमेकांशी कायमचे बांधले गेले. पुढे स्वामी विवेकानंदांनी १८९७ मध्ये रामकृष्ण मिशनची स्थापना केली, आणि रुग्णसेवा हे त्या संस्थेचे एक प्रमुख कार्य बनले. त्या सेवेचे बीज एका रुग्णाच्या खोलीत रुजले होते.

तिरुवण्णामलै येथील श्रीरमण महर्षी यांच्या डाव्या हाताला १९४९ मध्ये सारकोमा या जातीचा कर्करोग असल्याचे आढळले. त्या वर्षात त्यांच्यावर ४ शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टरांना त्यांनी त्यांचे काम करू दिले, आणि दर्शनाला येणाऱ्या भक्तांना परत पाठवू नये असा आग्रह अखेरपर्यंत धरला. १४ एप्रिल १९५० रोजी ते अरुणाचलस्वरूपी विलीन झाले. देहाला वेदना होत असल्याचे त्यांनी नाकारले नाही. देह म्हणजेच आपण, एवढे मात्र त्यांनी मानले नाही.

या दोन चरित्रांवरून भाविकांनी एक गोष्ट हृदयात जपून ठेवावी. आजार बरा होणे ही भक्तीची परीक्षा नव्हे. जो बरा झाला त्याची भक्ती मोठी आणि जो गेला त्याची उणी, असा हिशेब देवाच्या दरबारात नाही.

शुश्रूषा हीच पूजा

चरकाचार्यांनी परिचारकाला चिकित्सेचा एक पाद मानले, ही गोष्ट घरातील माणसांनी पुन्हा पुन्हा आठवावी. रुग्णाची कूस बदलणे, ओठ ओले करणे, रात्री हाकेला ओ देणे, ही षोडशोपचार पूजेहून कमी प्रतीची सेवा नाही. आजारी सासूची सेवा करताना आपली पूजाअर्चा मागे पडली, म्हणून हळहळणाऱ्या सुनेने खात्री बाळगावी की तिची पूजा चालूच आहे; केवळ देव्हाऱ्याची जागा बदललेली आहे. तसेच शुश्रूषा करणारे माणूसही थकते. त्याला विसावा देणे, एक रात्र त्याच्याऐवजी जागणे, हेही पुण्यकर्मच होय.

देवस्थानांनी रुग्णसेवेचा भार उचलावा, ही परंपरा जुनी आहे. तामिळनाडूतील तिरुमुक्कूडल येथील वेंकटेश पेरुमाळ मंदिरात चोल राजा वीरराजेंद्र याच्या काळातील, म्हणजे ११ व्या शतकातील, शिलालेख आहे. मंदिराच्या उत्पन्नातून चालणाऱ्या १५ खाटांच्या रुग्णालयाची नोंद त्यात आढळते. वैद्य, शल्यकर्म करणारा, वनौषधी आणणारे सेवक आणि परिचारिका यांच्या वेतनाची तरतूद, तसेच साठवून ठेवावयाच्या औषधांची यादीही त्या दगडावर कोरलेली आहे. देवाच्या भिंतीवर औषधांची नावे कोरावीत, असे त्या काळच्या धर्मनिष्ठांना वाटले, हे विचार करण्यासारखे आहे. महाराष्ट्रातही हा धागा तुटलेला नाही. शिर्डीचे श्री साईबाबा संस्थान रुग्णालये चालविते; मुंबईचा श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास गरजू रुग्णांना वैद्यकीय साहाय्य देतो. संत गाडगे महाराजांच्या कार्याचा वारसा सांगणारी दादरची धर्मशाळा, कर्करोगावरील उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या गोरगरिबांना आसरा देते.

दात्यांनी या परंपरेचे स्मरण ठेवावे. देवाला अर्पण केलेले द्रव्य जेव्हा एखाद्या रुग्णाच्या औषधाला, त्याच्या नातलगांच्या मुक्कामाला अथवा जेवणाला लागते, तेव्हा तो अभिषेकच असतो. वैद्यनाथाच्या लिंगावर घातलेले जल आणि तहानलेल्या रुग्णाच्या मुखात घातलेले जल, यांत शिवदृष्टीने भेद नाही.

औषध थांबले तरी उपचार थांबत नाहीत, हे सत्यही आता वैद्यकशास्त्राने स्वीकारलेले आहे. इंग्लंडमधील डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे मरणोन्मुख रुग्णांच्या शुश्रूषेसाठी संस्था सुरू केली. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. ती मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, असा विचार त्यांनी मांडला. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन ही भारतातील अशा प्रकारची पहिली संस्था होय. जागतिक आरोग्य संघटनेनेही वेदनाशामक शुश्रूषेच्या व्याख्येत आध्यात्मिक समस्यांचा समावेश केलेला आहे. रोग हटत नसला तरी वेदना हटविता येतात, आणि त्यासाठीची औषधे घेणे म्हणजे श्रद्धेत उणेपणा आणणे नव्हे. वेदनेने तळमळणाऱ्याला नाम घेणेही जड जाते. वेदना शमली की ते ओठांवर सहज येते.

आजारी भाविकांसाठी व त्यांच्या आप्तांसाठी

श्री वैद्यनाथाच्या दर्शनास येणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

१. दर्शन, अभिषेक अथवा नवस यांसाठी चालू असलेले औषध बंद करू नये. यात्रेच्या काळातील सर्व औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत बाळगावी.

२. मधुमेह, हृदयविकार अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी सोमवार, प्रदोष अथवा महाशिवरात्रीचा उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा. शरीराला अपाय करून घडलेला उपवास शिवाला प्रिय नाही. उपवासाऐवजी एक माळ जप पुरेसा आहे.

३. कर्करोगावरील औषधांच्या काळात रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते. अशा रुग्णांनी श्रावणातील व महाशिवरात्रीची गर्दी टाळावी. त्यांच्या वतीने आप्तांनी घेतलेले दर्शनही त्यांना पोहोचते. अंथरुणावर पडल्यापडल्या केलेली मानसपूजा शास्त्रसंमत आहे. तीत फूल, जल, दिवा सर्व काही मनाचे असते आणि त्यात काही उणे पडत नाही.

४. देवाच्या नावाने औषध सोडावयास सांगणारा, रोग हमखास बरा करण्याचे मोल सांगणारा अथवा भूतबाधेची भीती घालणारा कोणीही देवाचा माणूस नव्हे. साप, विंचू अथवा कुत्रा चावला असता वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

५. प्रवासात प्रकृती बिघडल्यास विलंब करू नये. परळीपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. अगोदर रुग्णालय गाठावे. दर्शन मागाहूनही घडेल. वैद्यनाथ तेथेही आहे.

उपसंहार

श्री वैद्यनाथाच्या लिंगावर हात ठेवताना भाविकाने प्रकृतीसाठी अवश्य मागावे. आईजवळ लेकराने न मागावे तर कोणी मागावे? परंतु त्यासोबत आणखी तीन गोष्टी मागाव्यात. वैद्याच्या बुद्धीला यश मागावे. शुश्रूषा करणाऱ्या हातांना बळ मागावे. आणि स्वतःसाठी ती निर्भयता मागावी, जिच्या योगाने बरे वाटेल तो दिवस कृतज्ञतेने आणि बरे वाटणार नाही तो दिवस धीराने पार पडेल. पहिली मागणी कधी पुरी होते, कधी होत नाही. देहाला त्याचे नियम आहेत. पुढच्या तीन मागण्या मनापासून केल्या असता, मागतानाच त्यांची पूर्ती होऊ लागते. मागणाऱ्याचा श्वास संथ होतो, मुठी सैलावतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या माणसाचा हात हाती घ्यावासा वाटतो. समुद्रमंथनातील अमृत या लिंगातून आजही झरते, ते असे.

येथे येणाऱ्या प्रत्येक रुग्णास आरोग्य लाभो, त्याच्या वैद्यास यश लाभो, त्याच्या आप्तांस धीर लाभो, आणि ज्यांचा प्रवास संपत आला आहे त्यांस पक्व फळाप्रमाणे वेदनारहित, भयरहित सुटका लाभो, हीच श्री वैद्यनाथाच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥